शब्दाची वहिवाट : रत्नागिरीचें भाषाशुद्धीचें प्रकरण व जुने कागद

मराठींत 'शब्द' या शब्दाला व्याकरणांतील अर्थाखेरीज व्यवहारांतला एक निराळा अर्थ आहे. मनुष्य शब्द देतो, शब्द टाकतो, शब्द राखतो, प्रसंगीं शब्द फिरवितो. कोणाच्या शब्दाला वजन असतें, कोणाचा शब्द खालीं पडत नाहीं. हाच अर्थ जुन्या कागदांत शोधूं गेल्यास तो 'कौल' या नांवानें भेटतो. कौल हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थच मुळीं बोलणें, वचन. सरकारनें रयतेस लेखी शब्द दिला म्हणजे तो कौल, आणि त्याचा कागद तो कौलनामा. पडीत जमीन लागवडीस यावी म्हणून चढत्या साऱ्याचा इस्ताव्याचा कौल द्यावा, पळून गेलेलीं कुळें परत यावीं म्हणून अभयाचा कौल द्यावा, ही रीत दप्तरें चाळणारास परिचित आहे. पण हा शब्द दप्तरांत थांबला नाहीं. कोंकणांत आजहि गुरव गाऱ्हाणें घालून ग्रामदेवतेच्या मूर्तीस कळे किंवा तांदूळ लावतो आणि देवाचा कौल घेतो. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. अरबी भाषेंतील 'शब्द' हा शब्द कोंकणच्या गाभाऱ्यांत देवाच्या शब्दाचें नांव होऊन बसला, आणि तेथें त्याला कोणी परका म्हणून ओळखीत नाहीं.

हा शब्द तेथें कोणत्या हक्कानें बसला, आणि त्याला उठविण्याचा हक्क कोणास आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. रत्नागिरीकरांस तो नवा नाहीं. वि. दा. सावरकर हे ६ जानेवारी १९२४ रोजीं कारागृहांतून सुटून रत्नागिरी जिल्ह्यांत स्थानबद्ध झाले, ते १० मे १९३७ पर्यंत. राजकारणाची बंदी असतां या तेरा वर्षांत त्यांनीं ज्या चळवळी चालविल्या, त्यांत भाषाशुद्धीची चळवळ ही एक. तिच्याविषयीं अनुकूल व प्रतिकूल लिखाण पुष्कळ झालें आहे. परंतु त्यांतील बहुतेक वाद अभिमान विरुद्ध सोय, संस्कृत विरुद्ध फारशी, अशा रेषेवर झाला. जुने कागद हाताळणाऱ्यांनीं या प्रकरणाचें परीक्षण आपल्या साधनांनीं करावें, तें फारसें झालें नाहीं. तो प्रयत्न येथें केला आहे.

प्रथम मूळ पक्ष न्यायानें मांडला पाहिजे. सावरकरांचें म्हणणें असें कीं, जी वस्तु किंवा कल्पना आपल्याकडे नव्हती तिच्याबरोबर तिचें परकें नांव आलें तर त्याला हरकत नाहीं. पण आपला शब्द असतां त्याला ढकलून जो परका शब्द त्याच्या जागीं बसला तो काढून टाकावा, आणि नव्या वस्तूंसाठीं शक्य तेथें आपल्या धातूंपासून शब्द घडवावे. या भूमिकेंत वरवरच्या टीकाकारांस न दिसलेलें एक मर्म आहे. रोजच्या व्यवहारांतील शब्द हे केवळ वस्तूंचे निर्देश नसून सत्तेचे निर्देश असतात. कचेरींत शिरतांना मनुष्य ज्या शब्दांनीं अर्ज करतो, ते शब्द ती कचेरी कोणाची हें सांगतात. हें ओळखूनच दिनांक, क्रमांक, महापौर, बोलपट, दिग्दर्शक, हुतात्मा असे शब्द त्यांनीं प्रचारांत आणले, आणि ते आज इतके रुळले आहेत कीं, त्यांवर घाव घालणारा टीकाकारहि लेखाच्या शिरोभागीं 'दिनांक' घालूनच लिहील. ज्या चळवळीचे शब्द तिच्या विरोधकांच्या लेखणींतून उतरतात, ती व्यर्थ गेली असें म्हणतां येत नाहीं.

या प्रयत्नाला पूर्वपीठिका होती, आणि तिचा आधार स्वतः सावरकरांनींहि घेतला. श्रीशिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखालीं तयार झालेला राजव्यवहारकोश हा तो आधार. राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत दहा वर्ग करून सुमारें १,४०० शब्दांना त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. कोशापूर्वींच, ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाचे वेळीं, अष्टप्रधानांचीं नांवें पालटलीं होतीं: पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापति. येथपर्यंतची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. परंतु या नांवांचें पुढें काय झालें, हें क्वचितच कोणी विचारतो; आणि परीक्षणास खरा उपयोग त्या उत्तराचाच आहे.

पुढें झालें तें असें. सचिव व अमात्य हीं नांवें टिकलीं. भोरचे पंत सचिव आणि बावड्याचे पंत अमात्य या घराण्यांनीं तीं संस्थानांच्या व जहागिरींच्या अखेरीपर्यंत चालविलीं. सेनापति हा शब्दहि टिकला. पण मुख्य प्रधान? बाळाजी विश्वनाथाच्या घराण्यानें शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' हींच अक्षरें कोरलीं, आणि सर्व हिंदुस्थानानें त्या घराण्याला 'पेशवे' म्हटलें. ज्या संज्ञेसाठीं छत्रपतींची आज्ञा, राज्याभिषेकाचा प्रसंग आणि कोश, असे तीन आधार होते, ती संज्ञा शिक्क्यावर राहिली. जी रद्द झाली ती तोंडांत राहिली. आमच्या किनाऱ्यावर तर आरमाराच्या अधिपतीचा किताब शेवटपर्यंत 'सरखेल' हाच राहिला. कान्होजी आंग्र्यांच्या नांवामागें तो लागला, तो लागलाच. उलट, जुन्या घेरिया किल्ल्याला विजयदुर्ग हें नांव दिलें, तें मराठी कागदांत व मराठी माणसांच्या तोंडीं पक्कें बसलें. १७५६ सालीं तो किल्ला घेणाऱ्या इंग्रजांचे कागद मात्र त्याला घेरियाच म्हणतात. एकाच किल्ल्याचीं दोन नांवें ठाऊक नसलेल्या संशोधकाची येथें काय फजिती होईल, हें सांगणें नको.

आतां हीच कसोटी रत्नागिरीच्या शब्दांना लावून पाहावी. 'दिनांक' हा शब्द अर्जाच्या, पत्राच्या, पावतीच्या शिरोभागीं निर्विवाद बसला. पण न्यायालयाच्या पायऱ्या उतरणारा पक्षकार आजहि 'तारीख पडली' असेंच म्हणतो. 'दिनांक पडला' असें म्हणणारा मनुष्य अद्याप जन्मावयाचा आहे. 'क्रमांक' हा पत्राच्या कोपऱ्यांत व शर्यतीच्या निकालांत बसला. रांगेंत उभा राहिलेला माणूस मात्र 'माझा नंबर' म्हणतो. विधिमंडळांत संमत झालेल्या लेखाला मराठींत 'अधिनियम' असें छापतात. लोक त्याला 'कायदा' म्हणतात. शिक्क्यावर मुख्य प्रधान आणि तोंडांत पेशवा, या अठराव्या शतकांतील वांटणीचीच ही नवी प्रत आहे. दोन शब्द एकमेकांना मारीत नाहींत; ते काम वांटून घेतात.

याहून बोधक उदाहरण फसलेल्या शब्दाचें आहे. 'कायदा' या अरबी शब्दाबद्दल सावरकरांनीं 'निर्बंध' हा शब्द योजिला व स्वतःच्या लिखाणांत निष्ठेनें वापरला. शब्द सुघड आहे, उच्चारास सोपा आहे, संस्कृत आहे. तरी तो त्या अर्थानें चालला नाहीं. तो मेलाहि नाहीं. त्यानें दुसरें घर केलें. आज निर्बंध म्हणजे मनाई, मर्यादा, अटकाव. म्हणजे ज्या अर्थानें आपण म्हणूं कीं सावरकर रत्नागिरींत तेरा वर्षें निर्बंधांखालीं राहिले, त्या अर्थानें. शब्दकर्त्यानें एक अर्थ देऊन शब्द बाजारांत पाठविला, आणि बाजारानें त्याला दुसऱ्या कामाला लावलें. 'कायदा' हटला नाहीं, कारण त्याच्या मागें कचेरी, कोर्ट, वकील, साक्षीदार, दंड आणि शिक्षा अशी सगळी वहिवाट उभी होती. त्याच्या जागेवर नुसता दुसरा शब्द ठेवून ती वहिवाट त्याच्याकडे जात नाहीं.

'वहिवाट' हा शब्द येथें जाणून वापरला आहे. जमिनीच्या वादांत सनद एकाजवळ व कबजा दुसऱ्याजवळ, असा प्रसंग नेहमीं येतो. शब्दांचेंहि तसेंच आहे. कोश, आज्ञा, व्युत्पत्ति ही शब्दाची सनद. रोजच्या व्यवहारांतील उपयोग ही त्याची वहिवाट. जेथें जमीनच नवी, म्हणजे नवें पद, नवी संस्था, नवा छापील नमुना, तेथें सनदवाला शब्द सहज कबजा घेतो. महापौर व बोलपट यांचें यश तेथलें आहे. जेथें जमिनीवर आधींच कूळ आहे, तेथें सनदेनें फार तर पाटीवरचें नांव बदलतें. सचिव व अमात्य टिकले ते वंशपरंपरेच्या सरंजामामुळें, म्हणजे त्या शब्दांवर कोणाचें तरी पोट चालत होतें म्हणून.

या ठिकाणीं शुद्धिवादी पक्ष एक पुरावा पुढें करतो, त्याचा परामर्श घेणें अवश्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १६२८, १६७७ व १७२८ या सालांतील तीन पत्रांतील शब्द मोजून, मराठी शब्दांचें प्रमाण शेंकडा सुमारें १४ वरून ६२ व तेथून ९३ पर्यंत चढलें, असें दाखविलें. स्वराज्य आलें आणि भाषा शुद्ध झाली, असा सिद्धांत त्यावरून काढतात. राजवाड्यांविषयीं पूर्ण आदर बाळगूनहि म्हणावें लागतें कीं, तीन पत्रांवर हा भार फार होतो. पत्र कोणी, कोणास, कोणत्या कामासाठीं लिहिलें, यावर त्यांतील शब्द अवलंबून असतात. घरगुती पत्रांत व देवस्थानाच्या पत्रांत संस्कृत अधिक, जमाखर्चांत व सनदांत फारशी अधिक, हें कोणताहि रुमाल सोडला तरी दिसतें. शिवाय, ज्या पेशवाईंत भाषा शुद्ध झाली म्हणावयाची, त्या पेशवाईच्या दप्तरांत अखेरपर्यंत सुहूर सन अरबी संख्यांनीं लिहिला आहे: इसन्ने, सलास, अर्बा, खमस, आणि चंद्रमासांचीं नांवें रजब, साबान, रमजान अशीं आहेत. वेदमूर्तींना वर्षासन देतांनाहि कारकुनानें काळ अरबींतच मोजला. पत्राचा मायना मराठी झाला आणि हिशेबाची चौकट फारशी राहिली, असा याचा अर्थ. वाढ झाली हें खरें. परंतु ती सर्वत्र सारखी झाली, हें त्या तीन आंकड्यांनीं सिद्ध होत नाहीं.

एवढ्यावर थांबलों असतों तर हा भाषाशास्त्राचा वाद राहिला असता. पण रत्नागिरी जिल्ह्याचे कागद त्यापुढें नेतात, कारण येथें एकेका शब्दावर माणसांचें अन्न अवलंबून होतें. खोती गांवांत ज्याच्या नांवापुढें 'धारेकरी' हा शब्द लागला, तो सरकारी धाऱ्याएवढेंच देऊन मोकळा होई. खोताला त्याच्याकडून नफा मिळत नसे. ज्याच्या नांवापुढें 'अर्धेली' लागलें, तो पिकाचा अर्धा वांटा खोताच्या खळ्यावर घाली. 'तिर्धेली' असेल तर तिसरा. जमीन तीच, पाऊस तोच, नांगर तोच. कागदावरच्या एका शब्दाचें अंतर. १८८० चा खोतीचा कायदा झाला, त्याच्या आधीं व नंतर कोंकणांत जे तंटे झाले, त्यांत खोत हा जमिनीचा मालक कीं सरकारसारा वसूल करणारा वतनदार, हा अर्थाचाच तंटा होता; आणि दोन्ही पक्ष जुन्या कागदांतील शब्दांचेच अर्थ लावीत होते.

१९३७ सालीं सावरकर रत्नागिरींतून मुक्त झाले; त्याच सालीं, ज्यांचें मूळ गांव याच जिल्ह्यांतील आंबडवें, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें. हीं दोन कामें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. एकानें शब्द बदलून व्यवहाराला नवें वळण लावूं पाहिलें. दुसऱ्यानें शब्द तसाच ठेवून त्याच्या मागचा व्यवहार काढून घेऊं पाहिला. खोती १९४९ च्या कायद्यानें रद्द झाली. 'खोत' हा शब्द कोणी शुद्ध केला नाहीं, कोणी बहिष्कृत केला नाहीं. तो आज एक आडनांव आहे, आणि त्या आडनांवाला कोणी पिकाचा वांटा देत नाहीं. शब्दाचें सामर्थ्य त्याच्या अक्षरांत नसून त्याच्यामागील वहिवाटींत असतें, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाहीं. भाषाशुद्धीवरचा आमचा मुख्य आक्षेप हा आहे. तिनें शब्दांचें सामर्थ्य ओळखलें हें तिचें मोठेपण. तें सामर्थ्य शब्दाच्या कुळांत आहे असें मानलें, ही तिची चूक.

मात्र शुद्धीच्या विरोधकांनींहि येथें समाधान मानूं नये. 'लोक बोलतील तें खरें, शब्द कोठून आला याची चौकशी कशाला', हें त्यांचें म्हणणें संशोधकाला घातक आहे. शब्द कोठून आला व त्यानें किती घरें बदललीं, याचा माग घेतल्याशिवाय कागद वाचतांच येत नाहीं. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतों. तो ज्या 'मोर्तब सुद' पासून निघाला, ती फारशी अक्षरें लेखाच्या अखेरीस मारावयाच्या शिक्क्याचीं होतीं, आणि मोर्तब नसलेला कागद अपुरा ठरे. हें ठाऊक नसलेला नकलकार ती ओळ निरर्थक म्हणून गाळतो, आणि कागद पुरा कीं अपुरा याचा पुरावाच नाहींसा होतो. माधवराव पटवर्धनांचें उदाहरण या बाबतींत ध्यानांत ठेवावें. १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश त्यांनींच केला, आणि १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक'हि त्यांनींच लिहिला. ज्याला शब्द काढून टाकावयाचे होते, त्यानें ते आधीं मोजून, समजून, नोंदून ठेविले होते.

संग्राहकांना यांतून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. पहिला असा कीं, कागदाची नक्कल करतांना शब्द सुधारूं नये. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत व ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. त्यामुळें वाचणाराच्या मनांतील शब्द कागदावर सहज उतरतो. ज्याला 'कायदा' खुपतो त्याला तो 'नियम' दिसूं लागतो. ज्याला संस्कृत खुपतें त्याच्या हातून उलटा प्रकार होतो. मौजे, तर्फ, पैकीं, बित्तपशील यांचे संक्षेप, तारखेपूर्वींचा 'छ', अखेरचीं 'बार सुद' हीं अक्षरें, हीं सर्व जशीं आहेत तशीं द्यावीं आणि अर्थ निराळा द्यावा. प्रकाशकाची आवड भाषेच्या कोणत्याहि पक्षाची असो, तिनें मूळ कागदांत पाऊल टाकूं नये. जो शब्द आपण आज काढूं, त्याच्यावर उद्यां एखाद्या कुळाचा हक्क किंवा एखाद्या गांवाचा इतिहास उभा राहावयाचा असेल.

दुसरा बोध अधिक निकडीचा आहे. सनद जपली जाते. याद, चिठ्ठी, रोजकीर्द, पावती हीं जपलीं जात नाहींत. ज्या घरीं सनदेला रेशमी फडकें आहे, त्याच घरीं अर्धेलीच्या वांट्याचे हिशेब पोटमाळ्यावर वाळवीच्या स्वाधीन असतात, आणि कोंकणचा पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. परंतु शब्दांची वहिवाट पाहावयाची तर ती सनदेंत दिसत नाहीं. सनदेंत सनदेचे शब्द असतात. तोंडांतले शब्द, म्हणजे भाताचीं मापें, होडीचीं अंगें, माडाच्या व फणसाच्या जाती, मजुरीचे प्रकार, उधारीचे वायदे, हे त्या क्षुद्र चिठोऱ्यांत असतात. मोल्सवर्थनें १८३१ सालीं छापलेल्या व १८५७ सालीं वाढविलेल्या आपल्या कोशांत कोंकणच्या शब्दांना निराळी खूण केली, म्हणून त्यांतील कित्येक आज आपल्याला कळतात. तें काम एका परदेशीयानें बोलणाऱ्यांच्या तोंडून केलें. आपण तें आपल्याच घरच्या कागदांवरून पुरें करूं नये काय?

ज्या सामग्रीनें आपण हें काम करणार, तिचीं नांवेंहि पाहून ठेवावींत. दप्तर, रुमाल, कागद, शाई, दौत: हे सारे फारशी-अरबी वाटेनें आले, बोरू तेवढा आपला. आणि संशोधन मंडळांचे कारभारी मोठ्या अभिमानानें स्वतःस 'चिटणीस' म्हणवितात, तो शब्दहि अर्धा फारशी आहे. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, मिरविण्यासारखेंहि कांहीं नाहीं. पेशव्यांचें दप्तर गेलें, आणि तो शब्द आज शाळेला निघालेल्या मुलाच्या पाठीवर आहे. तो तेथें कसा गेला, हें सांगणारे कागद अद्याप कोणाच्या तरी माळ्यावर असतील. ते खालीं उतरवावे, आणि जसे आहेत तसे वाचावे.